चादर आणि मेणबत्ती

दिनीश फुर्टाडो अकरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला. दोनशे एकेचाळीस सामने, गोल तीन. त्या तिनातले दोन स्वतःच्याच जाळ्यात. बचाव फळीत मधोमध उभं राहणाऱ्या माणसाच्या नशिबी हेच येतं, त्यात लाजायचं काही नाही. पण फॉल रिव्हर या गिरणीच्या शहरातल्या लोकांच्या जिभेला हाड आहे का? चर्चच्या हॉलमध्ये फीस्टची, म्हणजे सणाची, पंगत बसली, पावाच्या तुकड्यांवर सोपासचा वाफाळता रस्सा पडला, की कुणीतरी हटकून विचारायचंच, "काय रे दिनीश, यंदा कुणाच्या बाजूनं गोल मारलास?" तोही हसायचा आणि म्हणायचा, "जो जवळ होता त्याच्या."

त्याची बायको नेलिया दातांच्या दवाखान्यात काम करते. तिथल्या बायका अजून विचारतात, "तुझा नवरा फुटबॉल खेळायचा म्हणजे ते हेल्मेटवालं ना?" ती सांगते, "हेल्मेटवालं नव्हे बाई, आमचं पायानं खेळतात." पायानं म्हणे! बाकीचे दहा जण खेळले असतील पायानं. दिनीश खेळला डोक्यानं. आणि आज छत्तिसाव्या वर्षी नेलियाला जगात एकच गोष्ट हवी आहे. त्या डोक्यातलं किती गेलं आणि किती वेगानं जातंय, एवढं कुणीतरी तिला खरं सांगावं. ते सांगणंच अशक्य करून ठेवलं, आणि करून ठेवणारा दुसरातिसरा कुणी नव्हता, खुद्द दिनीशच. अर्धं नेलियानं, असं ती स्वतः म्हणते.

सुरुवात त्याच्या बापापासून झाली. आदेलिनो फुर्टाडो कापडगिरणीत रंगखात्यात होता. रविवारची मास, चर्चमधली प्रार्थना, सुटली की तो चर्चच्या हॉलच्या वरच्या पायरीवर उभा राहायचा आणि चेंडू आभाळात उडवायचा. खाली आठ वर्षांचा दिनीश. त्यानं तो डोक्यानं परत वर मारायचा. असे पन्नास झाल्याशिवाय जेवायला घरी जायचं नाही. आई रस्त्यावरून ओरडायची, "अहो, पोराचं डोकं आहे की उखळ?" आदेलिनो ढिम्म. "डोळे मिटू नकोस," एवढंच तो पोराला सांगायचा. "तुला टाळ्या कुणी वाजवणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. पण ज्या दिवशी तू नसशील त्या दिवशी बोंब होईल बघ." पोराला हे बोलणं इतकं आवडलं, की तो शाळेतही तेच सांगत फिरायचा.

नेलिया समोरच्याच घरातली. खिडकीतून ती आकडे मोजायची, आणि अठ्ठेचाळिसाला ओरडायची, "पन्नास झाले, काका! सोडा त्याला!" आदेलिनोला ठाऊक असायचं, पण तो सोडायचा.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत, बावीस वर्षांचा दिनीश ओहायोतल्या एका क्लबात गेला. दुसऱ्या दर्जाची लीग. करार एका वर्षाचा, आणि पुढे अकराही वर्षं करार एकेका वर्षाचाच. दोनतीन आठवडे बाहेर बसलात की तुमच्या जागी दुसरा उभा, आणि तो दुसरा चांगला निघाला की तुमचं बस्तान उठलं. हे तिथल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी कळतं, कुणी सांगावं लागत नाही.

पण एक गोष्ट मात्र सांगितली गेली. सांगणारा गॉर्डी, न्यू जर्सीतल्या कीर्नीचा चौतीस वर्षांचा दांडगा बचावपटू. नाक तीनदा मोडलेलं. हंगाम सुरू व्हायच्या आधी दर फेब्रुवारीला प्रत्येक खेळाडूच्या डोक्याची चाचणी व्हायची. क्लबचा फिजिओ वेंडेल पाच शब्द सांगायचा. मग महिने उलटे म्हणायला लावायचा, एका पायावर उभं करायचा, आणि शेवटी विचारायचा, ते पाच शब्द कुठले? जेवढे सांगाल तेवढे कागदावर. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला, की तीच चाचणी पुन्हा. आकडा फेब्रुवारीपेक्षा कमी आला तर माणूस बाहेर. तेवढाच आला तर मैदानात.

"किती सांगणार आहेस?" गॉर्डीनं चाचणीच्या खोलीच्या दाराबाहेर त्याला गाठून विचारलं.

"पाच. का?"

"अरे येड्या! पाच सांगितलेस तर मार बसल्यावरही पाच सांगावे लागतील. आपल्याला मार काय चुकणार आहे? तीन सांग. दोन खिशात ठेव. मी बारा वर्षं तीनच सांगतोय."

"वेंडेलला कळत नाही?"

"त्याला वाटतं बचावपटू ढ असतात. आणि काय चूक आहे त्यात?"

असं हे शहाणपण. बाहेरचा माणूस परीक्षेत जास्त गुण मिळवायला कॉपी करतो, आणि या लोकांची कॉपी कमी गुण मिळवायची! एकेकाला धरून कानाखाली द्यावीशी वाटते. पण त्या खोलीत, तो एका वर्षाचा करार उशाला घेऊन, तुम्ही काय केलं असतंत? दिनीशनं तीन सांगितले.

संध्याकाळी त्यानं फॉल रिव्हरला फोन लावला. नेलियाला हसत हसत सगळी गंमत सांगितली. वेंडेलनं शब्द दिले होते शिडी, लिंबू, चादर, पूल, मेणबत्ती. "मी कपाळाला आठ्या घालून म्हटलं, शिडी... लिंबू... पूल... आणि पुढे काही आठवेचना! नाटक असं वठलं, की तो बिचारा मलाच धीर द्यायला लागला."

"आणि बाकीचे दोन?"

"चादर आणि मेणबत्ती. खिशात आहेत."

"सांभाळून ठेव," नेलिया म्हणाली, "धुवायला टाकशील."

तेव्हापासून त्या दोघांत तो संकेतच होऊन बसला. काही लपवून ठेवलं असलं की म्हणायचं, चादर आणि मेणबत्ती. मागणी घालायला तो फीस्टला आला, तेव्हा एक हात पाठीमागे धरून उभा राहिला. तिनं विचारलं, "काय आहे तिकडे?" तो म्हणाला, "चादर आणि मेणबत्ती." अंगठी होती. लग्नानंतर तीही ओहायोला गेली. लेकीच्या, मेनाच्या, वेळी दिवस राहिले, ते नेलियानं त्याला सामना संपेपर्यंत सांगितलं नाही. मग गाडीत बसल्यावर म्हणाली, "दिनीश, चादर आणि मेणबत्ती," आणि त्याचा हात आपल्या पोटावर ठेवला. तो रडला. इतका धिप्पाड माणूस, स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

दर फेब्रुवारीला शब्द बदलायचे, आकडा नाही. तीन. नऊ वर्षं सलग तीन. गॉर्डी खेळ सोडून कधीच घरी गेला होता. त्याला काय झालं, तो कसा आहे, हे दिनीश फोन करून विचारणार होता आणि राहून गेलं.

दोन हजार सोळाच्या वसंतात आदेलिनो गेला. झोपेतच गेला. दिनीश एक दिवस येऊन, खांदा देऊन परतला, कारण शनिवारी सामना होता. बापाला ते आवडलंच असतं, असं सगळे म्हणाले.

त्याच सप्टेंबरात कॉर्नरच्या चेंडूला तो उडाला, आणि समोरचाही उडाला. दोघांची डोकी अशी आदळली, की आवाज नेलियाला वरच्या बाकांवर ऐकू आला. दिनीश उठला, हात वर केला, खेळत राहिला. संपल्यावर वेंडेलनं त्याला आत नेलं. पाच शब्द, उलटे महिने, एक पाय. शब्द तीन आले. "नेहमीचाच," वेंडेल म्हणाला.

पण घरी आलेला दिनीश नेहमीचा नव्हता. सोमवारी दुपारी नेलिया कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा तो फोन कानाला लावून खिडकीशी उभा होता. बराच वेळ.

"कुणाला लावतोयस?" तिनं विचारलं.

"बाबांना. उचलतच नाहीत. गिरणीत असतील का गं अजून?"

तिच्या हातातली घडी हातातच राहिली. ती काही बोलायच्या आत त्याचं त्यालाच कळलं. त्यानं फोन खाली ठेवला. "कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "नेलिया, तुला मेनाची शपथ आहे. शनिवारचं तुला माहीत आहे ना?"

तिला माहीत होतं. वरच्या लीगमधल्या एका क्लबाच्या मधल्या बचावपटूचा गुडघा गेला होता, आणि त्यांचा माणूस शनिवारी दिनीशला बघायला येणार होता. तीस वर्षांच्या माणसाला असं बोलावणं पुन्हा येत नसतं. चर्चच्या पायरीखालच्या पोरानं पहिल्यापासून एवढंच तर मागितलं होतं. वरच्या लीगमध्ये एक सामना. एक!

गुरुवारी मैदानाच्या फाटकाशी वेंडेल तिला भेटला. भला माणूस होता तो, त्याच्यावर कुणी बोट ठेवू नये. टोपी काढून त्यानं सरळ विचारलं, "कागदावर तो ठीक आहे. पण मला त्याची चाल बरी वाटत नाही. तुम्ही घरी बघता. कसा आहे?"

नेलियाच्या कडेवर दोन वर्षांची मेना होती. जिभेवर आलं होतं. ते तीन खोटे आहेत, नऊ वर्षं खोटे आहेत, काल त्यानं मेलेल्या बापाला फोन केला. एवढी तीन वाक्यं. काल नव्हे, सोमवारी, असंही तिनं मनात दुरुस्त करून पाहिलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "थोडा दमलाय."

शनिवारी बासष्टाव्या मिनिटापर्यंत तो आयुष्यात खेळला नव्हता तसा खेळला. नंतर कुणीतरी लांबून मारलेला साधा चेंडू आला. त्यानं पायरीखालच्यासारखा, डोळे उघडे ठेवून तो डोक्यावर घेतला, आणि उभ्याचा आडवा झाला. त्याला कुणाचा धक्काही लागला नव्हता. सहा मिनिटं तो उठला नाही. बघायला आलेला माणूस त्या सहा मिनिटांतच निघून गेला, हे नेलियाला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा तिला त्याचं सोयरसुतक उरलं नव्हतं.

पुढची दोन वर्षं तो करारावर होता, म्हणजे बाकावर होता. मग घरी आले. फॉल रिव्हरला परत. लोकांनी डोक्यावर घेतलं, त्याचा फोटो गावातल्या क्लबाच्या भिंतीवर लावला. बेकरीची पावाची गाडी चालवायचं काम मिळालं. पहाटे गोड पाव, दुपारी साधे. वर्षभर बरं चाललं. मग पाव चुकीच्या दारांत जायला लागले. लोक आपले चांगले, एकमेकांत अदलाबदल करून घ्यायचे, बोलायचे नाहीत. त्याचं डोकं दुखायचं, उजेड सोसायचा नाही, आणि ज्या माणसानं कधी पंचावर आवाज चढवला नाही तो कॉफीत साखर कमी पडली म्हणून कप भिंतीवर फेकायचा. फेकून झाल्यावर स्वतःच काचा गोळा करायचा आणि मेनाला म्हणायचा, "घाबरलीस का गं चिमणे? तुझा बाप वेडा आहे." मेना म्हणायची, "थोडाच."

यंदाच्या जानेवारीत त्यानं मेनाला शाळेतून आणायचं होतं. बर्फ पडत होतं. तो घरात बसून शांतपणे टीव्ही बघत राहिला. आठ वर्षांची पोर फाटकाशी दीड तास उभी होती. शाळेच्या बाईंनी नेलियाला दवाखान्यात फोन केला. पोरीला घरी आणलं, तेव्हा तिच्या ओठांवर निळी रेघ आली होती. दिनीशनं दार उघडलं, लेकीकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "अरे वा, आज लवकर सुटलीस?"

 न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, टॉवेल तोंडात कोंबून नेलिया रडली. मग बाहेर येऊन तिनं प्रॉव्हिडन्स शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली.

डॉक्टर केसलर वयस्क, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी क्लबाकडून जुने कागद मागवून घेतले होते, अकरा फेब्रुवारींचे. त्यांनीही तेच केलं. पाच शब्द सांगितले. वाळू, टोपी, खिडकी, मध, सुई. मग उलटे महिने. दिनीश ऑगस्टपाशी अडखळला, मागे गेला, पुन्हा अडखळला. मग एक पाय. मग बाईंनी विचारलं, "आता ते शब्द आठवतात का, मिस्टर फुर्टाडो?"

"वाळू," तो म्हणाला. "टोपी."

मग थांबला. गुडघ्यावरची बोटं मिटली, उघडली.  मनातल्या मनात नेलिया म्हणत होती, खिडकी, दिनीश, खिडकी, मध, सुई.

एकाएकी त्याचा चेहरा उजळला. बाईंकडे नाही, बायकोकडे बघून तो खुशीत म्हणाला, "चादर! आणि मेणबत्ती!"

बाईंनी कागदावर दोन फुल्या मारल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. नेलियानं मात्र खुर्चीची कड घट्ट धरली. चौदा वर्षांपूर्वीचे ते दोन शब्द त्यानं इतके जपून ठेवले होते, की ते तेवढे राहिले होते.

त्याला बाहेर बसवून बाईंनी तिला समोर बोलावलं. "खेळत होते तेव्हा अकराही वर्षं तीन. आज दोन. एका शब्दाचा फरक, तो झोप नीट न झाल्यानंही पडतो. लक्षणं तुम्ही सांगता ती मी लिहून घेतलीत. पण मोजमापाप्रमाणे पाहिलं तर—"

"ते तीन खोटे आहेत," नेलिया म्हणाली. सहा वर्षं न सांगितलेलं ते एवढ्या सरळपणे बाहेर पडलं, याचं तिलाच नवल वाटलं. "मुद्दाम तीन सांगायचा तो. ते सगळे तसंच करायचे. त्याला पाचही यायचे. दहा दिले असते तर दहा आले असते. सामन्यात बावीस जण कुठे उभे आहेत हे तो डोळे बांधून सांगायचा!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "माझा विश्वास आहे तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "पण किती होतं हेच मला माहीत नसेल, तर किती गेलं ते कसं सांगू? आजपासून मोजू. दर सहा महिन्यांनी या."

"म्हणजे मेना बारा वर्षांची होईल तेव्हा तो तिला ओळखेल का, हे तुम्ही सांगू शकत नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "आज नाही सांगू शकत."

"मी एकदा बोलले असते ना," नेलिया म्हणाली, "तर मोजायची वेळच आली नसती." बाईंनी रुमालांचा डबा पुढे सरकवला.

बाहेर दिनीश भिंतीवरच्या बोटीच्या चित्राकडे बघत उभा होता. तिनं त्याच्या कोटाची बटणं लावली. तोही हात वर करून निमूट उभा राहिला. गाडीच्या चाव्या आता तिच्याकडेच असतात.

गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता त्यानं विचारलं, "किती आले गं?"

"दोन."

तो तिच्याकडे वळला. ओठ एका बाजूला वर गेले, भुवई उडाली. त्या पहिल्या फोनवर दिसत नव्हतं, तरी तिला बावीस वर्षांच्या पोराचं जे हसू तेव्हा ऐकू आलं होतं, तेच हे. त्यानं डोळा मारला आणि आवाज अगदी खाली आणला.

"बाकीचे मुद्दाम ठेवले," तो म्हणाला. "वेंडेलला सांगू नकोस हं. शनिवारी मॅच आहे."

नेलिया वाट बघत राहिली. थट्टा केली की तो नंतर कोपरानं ढोसायचा, नेहमी, लग्नाच्या आधीपासून. थट्टाच असेल. असेलच. इतकी वर्षं त्याचं लपवणं एकट्या तिला कळत होतं, जगात दुसऱ्या कुणाला नाही. आता तिलाही कळेना. ती त्याच्या कोपराकडे बघत राहिली. कोपर हललं नाही. तो समोरच्या काचेतून बाहेर बघत होता, सामन्याआधी बघायचा तसा, एकाग्र.

"नाही सांगत," नेलिया म्हणाली आणि तिनं गाडी सुरू केली. तीनला मेनाची शाळा सुटायची होती.